कुईं करणारा बॉल जॉइंट

स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. जुन्या स्पोर्ट्स कारच्या चाकाचा तुटका बॉल जॉइंट त्यांनी काउंटरवर ठेवला.

“अगदी अस्साच द्या. वळताना कुईं करणारा.”

“काका, नवा बॉल जॉइंट आवाज करत नाही. केला तर मी परत घेतो.”

“मग झिजलेला दाखवा.”

“झिजलेले मी भंगारात टाकतो. चाक निखळेल अशानं! हा न्या, गाडी लोण्यासारखी वळेल.”

“हा जुना तुटला तेव्हा तसलाच नवा तर बसवलाय महिन्यापूर्वी. गाडी मांजराच्या पावलांनी दारात गेली आणि आमच्या हिचं बोलणं खिडकीतून ऐकू आलं.”

“काय म्हणत होत्या?”

“लेकीला फोनवर सांगत होती, ‘गाडी राहू दे गं, ती निदान एका कोपऱ्यात उभी तरी असते. यांचं काय करायचं ते सांग.’”

“अहो, मग दारात आलात की हॉर्न मारत जा ना!”

“इतकी वर्षं कधी मारला नाही. आता मारला तर तिला कळेल ना, मला कळलंय ते.”

दुकानदाराने नवा बॉल जॉइंट परत खोक्यात ठेवला.

“मग? आहे का कुईं करणारा?”

“थांबा काका, भंगारात बघतो.”