मोजे घातलेल्या बाटल्या

(दक्षिण मोराविया, एप्रिलातला रविवार. गावच्या वाइन-स्पर्धेचा निकाल अजून वाचायचाय. आपल्या तळघराच्या दारात परीक्षक सिरिल आणि त्याची लेक यितका.)

यितका : हसताय काय बाबा! ती बाटली चाखून तुम्ही सगळ्यांसमोर नेमकं काय म्हणालात?

सिरिल : म्हणालो, ही ज्यानं केली त्यानं मळा विकावा आणि बकऱ्या पाळाव्यात. अख्खं टेबल खो खो हसलं! आपला शेजारी वावरा, त्याच्या तर डोळ्यांत हसून पाणी आलं.

यितका : येणारच. त्याची नव्हती ना ती.

सिरिल : मग कोणाची?

यितका : आपली! नाव झाकायला बाटलीवर चढवलेला मोजा काढला तेव्हा मी तिथंच होते. तुमची ती पांढरी वाइन, रिस्लिंग. सगळ्यात कमी गुण, तेही तुम्हीच दिलेले. आता गाव वर्षभर आपल्या दारात बकऱ्या आणून बांधेल.

सिरिल : बांधू दे. चीज करू.

यितका : थट्टा पुरे! घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते मी, थांबा, द्राक्षं अजून आंबट आहेत, थंडी पडू द्या. पण नाही! एक ढग दिसला की निघालात कात्री घेऊन.

सिरिल : काळा होता गं ढग.

यितका : तुम्हाला सगळेच काळे दिसतात!

सिरिल : बरं बाई. पहिली कोण आली?

यितका : तीही रिस्लिंगच.

सिरिल : ती होय! वा, काय चव होती! भरभरून गुण दिले तिला. कोणाची निघाली?

यितका : माझी.

सिरिल : तुझी? तुझा मळा कुठाय?

यितका : आपल्याच मळ्यातल्या, वरच्या बांधाजवळच्या वेलींच्या दोन ओळी मी तोडल्याच नव्हत्या. दव गोठायला लागल्यावर एकटीनं तोडल्या, घरामागच्या लहान पिंपात वाइन केली. रागवा आता! नाहीतरी मी चाललेच आहे. शहरातल्या कंपनीला उद्या होकार कळवायचाय.

सिरिल : इथं काय कमी आहे?

यितका : इथं माझं ऐकतं कोण? स्वतःची वाइन ओळखता येत नाही, आणि तळघराची किल्ली मात्र जन्मभर तुमच्याच खिशात!

सिरिल : ओळखता आली नाही असं कोण म्हणालं? पहिल्या वासालाच ओळखली.

यितका : मग एवढे कमी गुण?

सिरिल : तेवढ्याच लायकीची होती. तुझं ऐकायला हवं होतं. ही धर किल्ली. कंपनीला काय कळवायचं ते कळव.

यितका : बाबा... आणि माझी?

सिरिल : तीही ओळखली.

यितका : काहीतरीच! दोन ओळी राहिल्यात हे तरी कुठं ठाऊक होतं तुम्हाला?

सिरिल : पोरी, गोड द्राक्षं अशी उघड्यावर, आणि पाखरांनी एक मणी खाल्ला नाही. रोज पहाटे तिथं डबा कोण बडवत होतं, तुझी आई?