नाथाजीचा दगड

चव्वेचाळीस साली लोणंद स्टेशनात गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी बाजार करून आलेल्या सासू-सुना होत्या.

"हरणे, घरात धार लावायचा दगड असताना ह्यो दुसरा कशाला घ्यायला लावलास गं? माझ्या नाथानं पाटणहून आणलेला हाय की. कोयनेतला, गुळगुळीत."

"त्यो ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. ह्यो कुरुंदाचा बरा हाय."

"कुरुंद खरबरीत. कोयत्याला ठीक हाय. विळीचं पातं खाऊन टाकंल."

"खाऊ द्या."

"खाऊ द्या म्हणं! तुझ्या बानं दिलीया व्हय विळी?"

"आवं, त्यो दगड मधी खोलगट झालाय. त्येंनीच घासून घासून. लढाईवर जायच्या आदल्या दिशीबी समद्या विळ्यांना धार लावत बसलं हुतं."

"मग?"

"आता आपून घासलं, तर त्येंच्या हाताची खूण ऱ्हाईल का?"

म्हातारीनं नवा दगड पिशवीत सरकवला.

"त्यो कुठं ठिवलायस?"

"जोंधळ्याच्या कणगीत."

"पाच म्हैनं झालं, पोराचं पत्र न्हाई. घरी गेल्यावर काढून दे मला."

"आत्याबाई..."

"घासत न्हाई गं. नुसतं बोट फिरवते."