सगळ्यांना पाचच कसे आले?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्याध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, जिच्यासाठी आपण जमलो ती माझी मैत्रीण, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले तिचे यजमान, सहकारी, पालक आणि आजी-माजी विद्यार्थी मित्रांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. इतिहासाच्या शिक्षिकेला पाच मिनिटं म्हणजे अन्यायच, पण बघते.

तुम्ही हिला मागून ओहमबाई म्हणता, हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये आम्ही तोंडावर म्हणायचो, एवढाच फरक.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दुसऱ्याच्या वहीत डोकावणं म्हणजे पाप, असं आमच्या सिस्टर सांगत, आणि ते पाप बोटांवर पट्टीनं उमटतही असे. या शाळेत आल्यावर कळलं, की कॉपी ही परंपराही असू शकते! दहावीचा प्रयोग ठरलेला: तारेतून वीज जाताना तिला किती अडथळा होतो ते मोजायचं आणि ओहममध्ये लिहायचं. तार वर्षानुवर्षं तीच. उत्तर पाच. थोरलीनं धाकटीला सांगावं, धाकटीनं शेजारणीला. मुलं आधी पाच लिहीत आणि मग त्याला शोभेल अशी निरीक्षणं जुळवत. आधी कळस, मग पाया.

ही तेव्हा नवीन होती, नोकरीत कायमही झाली नव्हती. घरी दोन लहान मुलं, यजमानांचा कारखाना नुकताच बंद पडलेला. अशा माणसानं गप्प बसावं की नाही? हिनं सुट्टीत ती तार बदलून टाकली. कुणाला पत्ता नाही. सहामाहीच्या प्रयोगात सगळ्या वर्गाला आले पाच. खरं उत्तर होतं तीनच्या आसपास.

"सगळ्यांना पाचच कसे आले?" तिनं वर्गात विचारलं.

माझी भाची त्या वर्गात होती. निरागसपणे म्हणाली, "बाई, पाचच येतात. माझ्या ताईलाही पाचच आले होते!"

मग काय, आग्यामोहोळ उठलं. कुणी म्हणालं, सगळ्यांना शून्य द्या. कुणी म्हणालं, झाकून टाका, शाळेचं नाव जाईल. एक वडील टेबलावर हात आपटून म्हणाले, "पोरांनी बरोबर उत्तर लिहिलं. तार तुम्ही बदललीत. म्हणजे फसवलं कुणी?" आणि तेव्हाचे चिटणीस शांतपणे म्हणाले, "बाई, वार्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. तेव्हा वर्गाचे गुण घसरले, तर कायम व्हायचं विसरा."

हिनं शून्यही दिलं नाही आणि झाकलंही नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग थांबवला. प्रत्येकाला वेगळी तार; उत्तर तिलाही माहीत नाही. गुण उत्तराला नाहीत, निरीक्षणांना. भाची घरी येऊन रडायची. "मावशी, त्या बाई वेड्या आहेत गं! उत्तर चुकलं तरी चालेल म्हणतात!"

मीही हिला समजावलं, "अगं, आधी नोकरी पक्की कर, मग जग सुधार."

ती म्हणाली, "पक्की झाल्यावर कोण सुधारतं गं?"



परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक स्वतःचं तारेचं रीळ घेऊन आले. रिळावर आकडा होता सात. तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. पण आदल्या दिवशी ज्या शाळांत ते गेले होते, तिथल्या मुलांनी तो रिळावर चोरून वाचला होता, आणि त्यांच्याकडून 'सात' आमच्या फाटकापर्यंत येऊन पोचला होता. आमच्या प्रत्येक मुलाला तो माहीत होता. आणि तरीही उत्तरं आली पावणेनऊ, नऊ, सव्वानऊ. सात एकाचंही नाही.

परीक्षक लालबुंद झाले. "सगळा वर्ग एकाच बाजूला चुकलाय! ही कॉपी नाही तर काय?"

मी दारात उभी होते. आता हिची नोकरी गेली, असंच वाटलं. तेवढ्यात भाची उठली. घरात झुरळ पाहून किंचाळणारी आमची भाची! म्हणाली, "सर, सात आम्हाला फाटकातच कळलं होतं. पण तार ऐकत नाहीये."

ओहमबाईनं खुर्ची पुढे सरकवली. "सर, तुम्हीच मोजा ना."

परीक्षक बसले. पोरं भोवती गोळा झाली. त्यांनी काटा एकदा वाचला, तार काढून पुन्हा लावली, दुसऱ्यांदा वाचला. घाम पुसला.

"नऊ," ते म्हणाले.

अहो, तो काय जल्लोष! शेजारच्या वर्गात गणिताचा तास बंद पडला. रिळावर आकडाच चुकीचा पडला होता. परीक्षक भले गृहस्थ होते. हळूच म्हणाले, "बाई, काल मी सातला पैकीच्या पैकी गुण देऊन आलोय. आता काय करू?"

"परत जा सर," ही म्हणाली. "आणि त्या मुलांनाही एकदा खरं मोजू द्या."

ते गेले, बरं का! खरंच गेले.

चिटणीस स्वतः स्टाफरूममध्ये आले, कायम केल्याचा कागद घेऊन. म्हणाले, "मी माझे शब्द मागे घेतो."

ही चहा पीत म्हणाली, "शब्द राहू द्या, प्रयोगशाळेला नवे मीटर द्या." आणि मिळाले!

कॉपी पकडायला शाळा समित्या नेमतात, दारात झडत्या घेतात. माझ्या मैत्रिणीनं कॉपीला करायला कामच ठेवलं नाही. आज इथली दुसरी पिढी खरे आकडे लिहिते, चुकले तर का चुकले तेही लिहिते. याहून मोठा विजय मी इतिहासात शिकवलेला नाही.

संयोजकांनी मला बोलावलं, तुम्ही माझं लांबलेलं बोलणं गोड मानून घेतलंत, सर्वांची ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, थट्टा कुणाला लागली असेल, तर म्हातारीची माया समजून पोटात घाला.

आणि ओहमबाई, नोकरीनं तुला आज निवृत्त केलं असेल. पण या सभागृहात तू कायम आहेस. नमस्कार.