गवताला वळसा

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि तिची भाची बसली होती.

"मावशी, इथे नुसतं गवत आहे. मग बस एवढा वळसा कशाला घेते?"

"इथे आमचं घर होतं. गावात रस्ता आला तेव्हा सासूबाई उंबऱ्यावर ठाण मांडून बसल्या. शेवटी रस्ताच घराला वळसा घालून गेला."

"पण घर पडून वीस वर्षं झाली ना?"

"झाली की. रस्ता सरळ करायचा म्हणून साहेब दोनदा आले जागेसाठी सही मागायला. मी दिली नाही."

"तू? तुमचं दोघींचं तर जन्मात पटलं नाही."

"ते घरातलं. रस्त्याच्या साहेबाला काय करायचंय त्याच्याशी?"