जुनं व्हर्जन काढून टाकण्याबाबत

संदर्भाधीन विषय: आमच्या बोथ गावच्या महसूल कचेरीतल्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन काढून नवं बसवणे.

उत्पन्नाचा दाखला छापायचा नवा प्रोग्राम जुन्या व्हर्जनवर चालेना. हैदराबादहून इंजिनियर फ्लॉप्या घेऊन आला. म्हणाला, "जगह नहीं है सर, पुराना निकालना पड़ेगा."

आमचे हेडक्लार्क विठ्ठलराव ताडकन उठले. "सरकारी माल हाय! खारीज करायची वरून मंजुरी कुटं हाय?"

"सर, वो तो दिखता भी नहीं."

"दिसत नाई म्हनूनच भेव हाय. ऑडिटवाल्याले काय दाखवू?"

सकाळपासून ताटकळलेले शेषराव दारातून ओरडले, "सायेब, पोरीच्या कालेजात दाखला द्याची उद्या शेवटची तारीक हाय. काऊन अडवून राह्यले?"

विठ्ठलरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरवरचं फडकं काढलं. चहा येईपर्यंत दाखला सही-शिक्क्यासह शेषरावांच्या हातात होता.

त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "मंग ह्या डब्याचं काय काम हाय?"

"त्याच्यात जुनं व्हर्जन हाय ना," विठ्ठलराव म्हणाले, "ते सांभाळाचं."

मंजुरीचा अर्ज त्याच दिवशी रवाना झाला. पुढे विठ्ठलराव निवृत्त झाले, मीही झालो. अर्ज प्रलंबित आहे.