टॅबलेटचा केला दिवा

हॅलो? … बोला बाबा. … हो, मोकळी आहे. म्हणजे अर्धवट. डॉक्टरांनी आत्ताच पेशंटच्या हिरडीत इंजेक्शन दिलंय, त्याचा गाल बधिर होईपर्यंत मी तुमची. … अहो, गालाचं काय सांगता येतं, काहींचा लगेच होतो. म्हणून मुद्द्यावर या. परवा तुम्ही 'ठेवतो' म्हणालात आणि त्यानंतर अर्धा तास बोललात. तुम्ही कधी स्वतःहून आधी फोन ठेवलाय?

काय विझतंय? … टॅबलेट. … मधेच काळा पडतो. … पडणारच ना. हात लागला नाही की झोपतो तो. … नाही हो, बिघडला नाही. दुपारी जेवून तुम्ही दुकानातल्या खुर्चीत जे करता, तेच करतो.

हो, हो… अहो ऐका ना. पडद्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवा आणि खाली ओढा. … पट्टी उतरली? … इतकं हळू नको, घड्याळाचा काटा नाहीये तो. … हां. तिथे कोपऱ्यात दातेरी चाक आहे बघा. … नाही दिसत? बाबा, जन्मभर दातेरी चाकं चिमट्यात धरलीत आणि हे एवढं मोठं दिसत नाही? … सापडलं ना? दाबा. आता 'डिस्प्ले'. त्यात 'स्क्रीन टाइमआउट'. … सगळ्यात मोठा आकडा निवडा. … झालं. आता बराच वेळ जागा राहील.

पण एवढा वेळ बघता काय त्यावर? … काहीच नाही? … कोरं पान. … कोरं पान उघडून ठेवता, उजेड पूर्ण वाढवून. … आणि त्यावर स्क्रू?

थांबा, थांबा. मी इतकी दुकानं पालथी घालून तो आणला, पेपर वाचाल, नातवाशी बोलाल म्हणून. आणि तुम्ही त्याचं ताट केलंत? … बरं, दिवा. टॅबलेटचा दिवा केलात. … हो, कल्पना छान आहे, मी कुठे नाही म्हणतेय. … अच्छा, म्हणून काल मला तुमच्या मेसेजमध्ये नुसते स्वल्पविराम आले होय? हात टेकला असणार तुमचा. मी आपली अर्थ लावत बसले, बाबांना काय म्हणायचंय.

आणि लिहिताना चुकलं की मागचं सगळं खोडत नका येऊ. खाली जागा सोडायची लांब पट्टी आहे ना, तिच्यावर बोट दाबून धरा आणि सरकवा. उभी रेघ हवी तिथे जाते. … नको असेल तर लिहूच नका. माइकचं चित्र दाबून नुसतं बोला, तो लिहून घेतो. … पण माझ्याशी बोलता तेवढं नको, बॅटरी संपेल त्याची.

नाही, अजून बोलावलं नाही डॉक्टरांनी. … बाबा, एक सांगा. टेबलावर तुमचा तो मान वाकवायचा दिवा आहे की. … चालू आहे. … मग खालून उजेड कशाला हवा?

बाबा? … गालाचं राहू द्या, विषय बदलू नका. … डोळ्याला भिंग लावूनही दिसत नाही? … कधीपासून? … 'थोडे दिवस' म्हणजे मी आले होते त्याच्या आधीपासून. तेव्हा मला सुई ओवायला लावलीत आणि म्हणालात हात ओले आहेत.

डोळे दाखवलेत? … काय म्हणाले? … आहे एवढी नजर राहील. … नंबर वाढवून उपयोग नाही. … बरं. … ऐकतेय, तुम्ही बोला.

आज? … बेकरीवाले काका किल्ली न्यायला येणार. … दुकान देऊन टाकताय. … आईला सांगितलंत? … तिलाही नाही.

म्हणजे दुकान बंद करायच्या दिवशी तुम्ही मला फोन केलात, तो पडदा काळा पडतो म्हणून.

… एकच घड्याळ राहिलंय. … त्या शाळेतल्या बाईंचं. … त्यांच्या वडिलांचं, हो, मागे सांगितलं होतंत. … उघडलंत, पण स्क्रू बसवता येत नाही. … तसंच परत करणार.

मला वाईट वाटलं बाबा, सरळ सांगते. दुकान जातंय म्हणून नाही. तुम्ही हे सगळं एकट्याने ठरवलंत म्हणून. … हं. … हं. … नका ना असं बोलू. कुणाच्या डोक्याला ताप होत नाही तुमचा. म्हणजे होतो, पण तो स्वल्पविरामांचा.

ऐका आता माझं. … दुकान द्या, ठेवा, ते तुम्ही ठरवा. हे घड्याळ तेवढं करून बघा. … एकदाच. … माझ्यासाठी. … आधी पडद्यावरचे स्क्रू उचला आणि एखाद्या डबीच्या झाकणात ठेवा. फोन स्पीकरवर टाका, दोन्ही हात लागतील.

येतंय ऐकू? … जुन्या काट्यांचे डबे आहेत ना? दोन डबे ठेवा, मधे हात जाईल एवढी जागा सोडून. त्यावर टॅबलेट आडवा, पाठ खाली. … तसाच, पुलासारखा. मागचा कॅमेरा मोकळ्या जागेवर आला पाहिजे. … आता बाजूचं बटण पटापट तीनदा दाबा. … मी मागच्या खेपेला लावून दिलं होतं. तेव्हा तुम्ही जांभई दिलीत. … पटापट म्हटलं बाबा, तुम्ही टोले देताय. … उघडलं? भिंगच आहे ते. घड्याळ खाली सरकवा, आणि पडद्यावरची पट्टी ओढा. … अजून. … थांबा, त्याला नीट बघू दे.

दिसलं? … बाबा?

… अंगठा? तुमचाच आहे तो. … हो, एवढा म्हातारा झालाय. … नाही, टॅबलेट वय वाढवून दाखवत नाही. … आणि स्क्रूवरची खाच? … दिसते.

… हो, हात खाली आणि नजर वर, आधी चुकणारच. चित्रही किंचित मागून येतं. घाई करू नका. … पडला? पडू दे, झाकणात अजून आहेत की. … …

बसला? … आणि दुसरा? … नाही, मी काही म्हणत नाहीये. … नाही हो, रडत कशाला असेन, इथे औषधांचा वास आहे.

दार वाजलं का? … काका? इतक्यात आले? … बाबा, काय सांगणार त्यांना? … नाही नाही, मी काही सुचवत नाही. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, मला दुकानातलं काय कळतं.

… बसायला सांगितलंत? … किल्ली कुठे? … खुंटीवर आहे तिथेच राहू दे म्हणालात? … बाबा, परत सांगा, नीट ऐकू नाही आलं. … 'आत्ता कुणी बोलू नका, काम चालू आहे' हे मला म्हणताय की काकांना? … दोघांना. … बरं, पण आईला तेवढं संध्याकाळी… हॅलो? … बाबा?

ठेवला.

हो डॉक्टर, आलेच. … नाही, सगळं ठीक आहे. बाबांनी फोन ठेवला. … तसं नाही हो, भांडण कसलं. त्यांना काम होतं.