अवोकाडोची तडकलेली बी

अगं, आमच्या अवोकाडोची गंमत ऐक. मुलीनं पुण्याहून आणलेलं फळ खाल्लं आणि त्याच्या बीला काड्या टोचून मी ती अर्धी पाण्यात बुडेल अशी ग्लासात ठेवली. दीड महिना काहीच नाही. एका सकाळी पाहते, तर बी मधोमध तडकलेली!

मी यांच्यावर ओरडले, "तुम्हीच पाडली ना?"

"म्या तं हातबी नाही लावला!"

सासूबाईंनी ग्लास उजेडात धरला. "काऊन भांडता? फुटली नाही, उकलली. आत पाह्य."

चिरेत पांढरं मूळ दिसत होतं.

"फळं कधी लागतीन वं?" त्यांनी मला विचारलं.

"दहा वर्षं तरी लागतात म्हणे."

ऐंशीच्या सासूबाईंनी ग्लास माझ्या हातात दिला. "मंग ग्लासात काऊन ठेवली? घरामागं खड्डा खण. मले चव पाहायची हाये."